घोडीखालची खूण

आधी एक गंमत करा. दोन्ही हात समोर ताठ धरा, मुठी वळा आणि अंगठे वर करून एकमेकांना चिकटवा. आता डावा डोळा मिटा. उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे एकटक बघत राहा आणि उजवा हात हळूहळू उजवीकडे न्या. नजर हलवायची नाही. मला माहीत आहे, तुम्ही हलवणार. हलली तर पुन्हा करा, घाई नाही. वीतभराच्या जरा अलीकडे एक जागा अशी येईल, की उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होईल.

गेलं? आता सांगा, त्या जागी काळं भोक दिसतं का? नाही. मागची भिंत दिसते. अंगठ्याआडची भिंत तुम्हाला कशी दिसली? खरं तर दिसलीच नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एक ठिकाण असं असतं, जिथून सगळे तंतू गोळा होऊन मेंदूकडे निघतात. त्या ठिकाणाला काहीच दिसत नाही. मेंदू आजूबाजूची भिंत बघतो, म्हणतो, ‘इथेही तीच असणार,’ आणि ठिगळ लावून मोकळा होतो. तुम्हाला विचारतसुद्धा नाही.

म्हणजे डोळा फक्त बातमी पाठवतो. बघतो तो मेंदू. एवढं गाठीला बांधा आणि माझ्याबरोबर मिरजेला चला. आजच्या नव्हे, अजून वीसेक वर्षांनंतरच्या मिरजेला. तंबोरे आणि सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीत तेव्हाही भोपळे टांगलेले आहेत, तेव्हाही लाकडाचा भुसा उडतो आहे. एका दुकानाच्या पायरीवर चौदा वर्षांची तस्नीम बसली आहे आणि आपल्या धाकट्या भावाकडे बघते आहे. तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. जरा कठीण जाईल, कारण तिला त्या भावाचा फार हेवा वाटतो.

आणि तो भाऊ, अकरा वर्षांचा जुबेर, जन्मापासून आंधळा आहे.

आंधळ्याचा हेवा? ऐका तर खरं.

तंबोऱ्याच्या तारा भोपळ्यावरच्या एका छोट्या पाटासारख्या तुकड्यावरून जातात. त्याला घोडी म्हणतात. तिची पाठ कानशीने अशी घासावी लागते, की तार तिला टेकली न टेकली अशी राहील. ते जमलं, की तार नुसती वाजत नाही, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भरून गुंजते. या कामाला म्हणतात जवारी काढणं. केसाएवढं कमी घासलं, तर आवाज बंद राहतो. केसाएवढं जास्त घासलं, तर तार मुकी होते. कमी घासलेलं पुन्हा घासता येतं, जास्त घासलेलं भरून येत नाही.

जुबेरला हे सातव्या वर्षी जमलं होतं. अब्बा घोडी घासून आणायचे आणि शेवटचा हात जुबेर फिरवायचा. अंगठा घोडीवरून न्यायचा, मान कलती करायची, तार छेडायची, पुन्हा अंगठा. “अब्बा, इथे अजून दोनदा,” म्हणायचा. आणि दोनदा कानस फिरली, की तार बोलायला लागायची. लांबलांबचे गवई विचारायचे, “लहान उस्ताद आहेत का?”

तस्नीमनेही अब्बांच्या मागे लागून दोन वर्षं कानस चालवली होती.

“तू बघत बसतेस बेटा,” अब्बा म्हणायचे. “जवारी बघायची चीज नाही. डोळे मीट.”

ती डोळे मिटायची, पण पापण्यांच्या फटीतून बघायची. आवाज बंदच राहायचा. मग अब्बा घोडी तिच्या हातून घेऊन, काही न बोलता, जुबेरपुढे ठेवायचे. ते न बोलणं तिला सगळ्यात जास्त लागायचं.

त्या दुकानाची एक रीत होती. ज्याने शेवटचा हात फिरवला त्याने घोडीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, सुईने आपली खूण करायची. अब्बांची खूण फुली होती. जुबेरची तीन टिंबं. आणि घोडी बिघडली तरी खूण करायचीच, मग ती एका पत्र्याच्या डब्यात जायची. त्या डब्यात अब्बांच्या फुल्याही पुष्कळ होत्या. “चांगल्यावर नाव घालायला कुणीही येतं,” अब्बा म्हणायचे.

तस्नीमने आपली खूण कधीच ठरवून ठेवली होती. आडवी रेघ आणि तिच्यावर एक टिंब. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने ती शंभरदा काढली होती. पण एकाही घोडीवर नाही, कारण शेवटचा हात तिला कधी मिळालाच नाही. बिघडवायलासुद्धा नाही.

आता आपल्या गोष्टीतलं यंत्र येतं.

पुण्याच्या डॉ. अनुजा नाडकर्णींनी अब्बांना समजावलं तेव्हा तस्नीम शेजारीच होती. अंगठ्याची ती गंमत तिला त्यांनीच दाखवली. मग म्हणाल्या, “जुबेरच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारी वाट जन्मतःच तयार झाली नाही. पण बघणारा तर मेंदू आहे ना? मग वाट सोडून थेट घरी बातमी पोचवू. चष्म्यात कॅमेरा बसवायचा आणि इथे,” त्यांनी तस्नीमच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, वेणीच्या वर बोट टेकवलं, “आत एक पातळ चकती. कॅमेरा जे टिपेल ते चकती बारीक बारीक ठिणग्यांनी मेंदूला सांगेल.”

“मग मला दिसेल?” जुबेरने विचारलं.

“ठिणग्या दिसतील. त्यातून आई कुठली आणि दार कुठलं, हे तुला शिकावं लागेल. बाळ पाळण्यात पडल्या पडल्या शिकतं, तसं. आणि शिकवायला घरातलं माणूस लागेल. हात लावून द्यायचा, नाव सांगायचं, पुन्हा दाखवायचं.”

“आपा शिकवेल,” जुबेर म्हणाला. त्याने विचारलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी एक नियम घालून दिला आणि तो तीनदा म्हणवून घेतला. चष्मा दिवसाला दोनच तास. आणि कानस हातात, तर चष्मा डबीत.

“का?” तस्नीमने विचारलं.

“चांगलं विचारलंस. मेंदूचा मागचा भाग म्हणजे एक मोठी खोली समज. ती डोळ्यांसाठी ठेवलेली. जुबेरचे डोळे तिथे आलेच नाहीत. पण मेंदू खोली रिकामी ठेवत नाही. बोटांनी आणि कानांनी येऊन तिथे आपली सतरंजी अंथरली. त्याच्या अंगठ्याला केसाएवढा उंचवटा कळतो तो उगीच नाही, तुझ्या बोटांपेक्षा त्याच्या बोटांना जागाच जास्त मिळाली आहे. आता आपण डोळ्यांना पाठवतोय. ते दमदाटी करतात. जो जास्त काम करेल त्याला जागा मिळते, म्हणून बोटांना त्यांचं काम चष्म्याशिवाय करू द्यायचं. दोघं एकाच खोलीत राहू शकतात. घाई केली नाही तर.”

तस्नीमने मान डोलावली. हे तिला नीट कळलं होतं. पुढे जे झालं ते न कळल्यामुळे झालं नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.

ऑपरेशन झालं, टाके सुकले आणि दुकानामागच्या अंगणात शाळा सुरू झाली.

पहिल्या आठवड्यात जुबेरने कॅलेंडरवरचा आंबा उचलायचा प्रयत्न केला. खांबाची सावली जमिनीवर पडली होती, तिच्यासमोर येऊन थांबला आणि पाय उंच करून ती ओलांडली.

“काय रे, उडी कशाला मारतोस?” तस्नीम हसून हसून बेजार.

“खड्डा आहे ना!”

“सावली आहे ती, वेड्या.”

“सावली खोल असते का?”

“सावलीला काही नसतं. नुसती असते.”

हे त्याला पटेना. वाकून त्याने सावलीला हात लावला आणि तिथे नेहमीचीच फरशी लागली, तेव्हा तोंड उघडं टाकून बसला. अम्मीचा चेहरा आणि भिंतीवरचं घड्याळ यांत त्याची गल्लत व्हायची. तस्नीमला मात्र तो लांबून ओळखायचा, कारण तिने मुद्दाम रोज पिवळीच ओढणी घ्यायला सुरुवात केली होती.

“पिवळं आलं म्हणजे आपा आली,” तो म्हणायचा.

तस्नीमला हे दिवस फार आवडले. अंगणात जुबेर प्रत्येक गोष्ट तिला विचारून करायचा. बघण्याच्या कामात ती उस्ताद होती आणि तो पाळण्यातलं बाळ. पण दोन तास संपले, चष्मा डबीत गेला, की तो भिंतीला हातही न लावता तरातरा दुकानात जायचा, कानस उचलायचा आणि बाहेरून कुणीतरी हाक मारायचं, “लहान उस्ताद!” तस्नीम पुन्हा पायरीवर.

एके दिवशी दोन तास संपले आणि तिने चष्मा मागितला नाही.

एवढंच. अब्बा लाकूड बघायला गेले होते. जुबेर स्वतःच म्हणाला, “आपा, वेळ झाली का गं?” आणि ती म्हणाली, “नाही अजून.”

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “चष्मा लावूनच घास की आज. सगळी दुनिया बघूनच काम करते.”

“डॉक्टर बाई नको म्हणाल्यात.”

“डॉक्टर बाईंना जवारी येते का?”

त्याला हसू आलं. चष्म्यातून त्याने पहिल्यांदाच आपली बोटं, कानस आणि घोडी पाहिली. पाठीवर चकाकी होती, तिच्यात तार उलटी दिसत होती. त्याला ते इतकं आवडलं, की तो बघतच राहिला. कानस वाकडी गेली. जुन्या, टाकाऊ घोडीवर चाललं होतं सगळं, काही बिघडलं नाही. पण तस्नीमने ते पाहिलं. लहान उस्तादांचा हात चुकला होता, अगदी तिचा चुकायचा तसा. तिला वाईट वाटायला हवं होतं. पोटात काहीतरी गार आणि गोड झालं.

त्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनात नव्हतं. खरंच नव्हतं. थोडे दिवस तो तिच्याएवढा व्हावा, इतकंच. दोनाचे तीन तास झाले, तिनाचे सहा. अब्बांनी विचारलं तर ती सांगायची, “आत्ताच घातलाय.” आणि अब्बांना, पोराला दिसतंय या आनंदात, घड्याळ बघायचं सुचायचं नाही.

दीड महिन्याने धारवाडच्या हेगडेबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या गायिका, गाडीतून उतरल्या त्या तंबोऱ्याला स्वतः कवेत घेऊन. घोडी सांबरशिंगाची होती, त्यांच्या गुरूंच्या वेळची. शिंगावर बंदी येऊन कित्येक वर्षं झालेली, तशी घोडी आता कुठेच मिळत नव्हती. आणि आजवर इतक्यांदा घासली गेली होती, की पाठ पातळ होऊन गेलेली.

अब्बांनी ती उजेडात धरली. “बाई, जवारी अजून एकदाच निघेल. त्यानंतर नाही.”

“म्हणून तर तुमच्याकडे आणली. गेल्या खेपेला माझ्या दुसऱ्या तंबोऱ्यावर छोट्यानेच हात फिरवला होता. या वेळीही त्यालाच द्या,” बाई म्हणाल्या. मग जुबेरकडे वळून म्हणाल्या, “काय रे, आता दिसतं म्हणे तुला. मी कशी दिसते?”

“थोडी कपाटासारखी,” जुबेर प्रामाणिकपणे म्हणाला.

बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की समोरच्या दुकानातली माणसं डोकावली. “माझी सूनही हेच म्हणते!”

अब्बांनी घोडी आपल्यापुरती घासून ठेवली आणि ते चहा सांगायला बाहेर गेले. जुबेरने चष्मा काढायला हात वर नेला. तस्नीम पटकन पुढे झाली आणि त्याच्या कानात म्हणाली, “राहू दे. बाईंना दाखव, बघून कसं करतोस ते.”

त्याचा हात खाली आला.

पंचमाची तार झाली, जोडाच्या दोन्ही तारा झाल्या. राहिला खर्ज, सगळ्यात जाड तार. त्याने अंगठा फिरवला. अंगठा म्हणाला, झालं. पण चकाकीत तारेचं प्रतिबिंब तारेला चिकटलेलं दिसत होतं, म्हणजे डोळा म्हणत होता, अजून घासायचं आहे. आपला मेंदू अशा भांडणात बहुतेक वेळा डोळ्याच्या बाजूने निकाल देतो. तुमचाही देतो. जुबेरने कानस दोनदा फिरवली.

बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला आणि छेडला. पंचम बोलला. जोड बोलला, पुन्हा बोलला. खर्जाने ‘ठप्प’ केलं. लाकडावर बोट आपटावं तसं.

पुन्हा छेडला. ठप्प.

बाईंनी तारेखाली सुताचा धागा सरकवून पाहिला, इकडे, तिकडे. मग त्या थांबल्या आणि त्यांनी तंबोऱ्यावरून तळवा फिरवला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून फिरवतात तसा. “असू दे,” म्हणाल्या. “कधीतरी व्हायचंच होतं.”

अब्बा चहाचे पेले घेऊन दारात उभे होते. त्यांनी पेले खाली ठेवले, जुबेरच्या हातातून घोडी घेतली आणि काही बोलले नाहीत. ते न बोलणं तस्नीमला ओळखीचं होतं. फक्त या वेळी ते तिच्यासाठी नव्हतं.

त्याच आठवड्यात पुण्याला जावं लागलं. डॉक्टरांनी जुबेरच्या अंगठ्याखाली बारीक रेघांची पट्टी धरली. पूर्वी ज्या रेघा त्याला चालता चालता कळायच्या, तिथे तो अडखळला. त्यांनी चष्मा यंत्राला जोडला. चष्मा किती वेळ चालला आणि त्याने काय टिपलं ते त्याच्यात नोंदलेलं असतं, हे तस्नीमला माहीत नव्हतं.

“रोज सहा तास,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि त्यातला बराच वेळ समोर कानस आहे. इतका वेळ कुणी ठेवला?”

तस्नीमने पिवळ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“मीच,” जुबेर म्हणाला. “मला बघायला आवडतं म्हणून.”

तो तिच्याकडे वळलाही नाही. तिला वाटलं, आता बोलावं. तोंड उघडलं. पुन्हा मिटलं.

“बोटांची सतरंजी गुंडाळली गेली आहे बाळा,” डॉक्टर म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यामुळे ते आणखी वाईट वाटलं. “आता तासभरच चष्मा. बाकी वेळ बोटांचा सराव. तू लहान आहेस, मेंदू अजून ओला आहे, जागा पुन्हा मिळेल कदाचित. किती मिळेल ते मी सांगू शकत नाही. सहा महिने, वर्ष. आणि सरावाला पुन्हा कुणीतरी सोबत लागेल.”

“आपा आहे,” जुबेर म्हणाला.

परतताना गाडीत तो खिडकीपाशी बसला होता, चष्म्याशिवाय. तस्नीमने हळूच विचारलं, “खोटं का बोललास?”

“तू दोनदा म्हणालीस, वेळ झाली नाही अजून,” तो म्हणाला. “तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. मला कळत होतं. तुझा आवाज वेगळा येत होता.” मग म्हणाला, “पण आपा, तू माझ्याशी दिवसभर बोलायचीस. आधी नाही बोलायचीस.”



संध्याकाळी अब्बांनी पत्र्याचा डबा काढला. हेगडेबाईंच्या तंबोऱ्याला त्यांनी नवी, कारखान्यातली घोडी बसवून दिली होती, आणि बाई जाताना शिंगाची घोडी ठेवून गेल्या होत्या. अब्बांनी ती जुबेरपुढे धरली, सुई दिली. रीत ती रीत. जुबेरने घोडी उलटी केली, चाचपून जागा शोधली आणि तीन टिंबं टोचली. टिंबं सरळ आली.

अब्बांनी डब्याचं झाकण उघडलं.

आता पुन्हा तस्नीमच्या जागी उभे राहा. झाकण पडलं, की गोष्ट संपली. डॉक्टरांना माहीत नाही, अब्बांना माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो कधीच सांगणार नाही. तुम्ही अंगठा नाहीसा केलात, तसं हेही नाहीसं होईल आणि त्या जागी नुसती भिंत दिसेल.

“अब्बा, थांबा,” तस्नीम म्हणाली.

तिने घोडी त्यांच्या हातातून घेतली. सुई घेतली. जुबेरच्या तीन टिंबांशेजारी तिने आडवी रेघ ओढली. शिंग कडक होतं, वहीच्या पानासारखं नव्हतं, रेघ मध्येच घसरली. तिने पुन्हा जोर दिला आणि रेघेवर एक टिंब टोचलं.

अब्बांनी आधी त्या खुणेकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. “ही कुणाची?”

“माझी. चष्मा मी घालायला लावत होते. रोज. सहा तास. त्या दिवशीही मीच.” आणि मग, रडू यायच्या आत सगळं बाहेर पडावं म्हणून, घाईघाईने म्हणाली, “मला त्याचा हेवा वाटत होता.”

अब्बा खाली बसले. ते बराच वेळ उलट्या घोडीकडे बघत राहिले आणि काही बोलले नाहीत, आणि या वेळी ते न बोलणं दोघांसाठी होतं.

जुबेरने हात पुढे केला. “बघू.”

तस्नीमने घोडी त्याच्या तळहातावर ठेवली. त्याने अंगठा फिरवला. तीन टिंबं ओलांडली आणि तिच्या रेघेपाशी आला. तिथे अडला. मागे गेला, पुन्हा आला.

“इथे काहीतरी आहे,” तो म्हणाला. “नीट कळत नाहीये.”

तस्नीमने डोक्यावरची पिवळी ओढणी काढली, तिची घडी केली आणि स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधली. या वेळी तिने फट ठेवली नाही. मग चाचपडत त्याच्याजवळ सरकली, आपला अंगठा त्याच्या अंगठ्याशेजारी टेकवला आणि म्हणाली, “मलाही नाही कळत. हळू जाऊ. पहिल्यापासून.”